गेटावर ठेवलेल्या शेंगा

बीदर
रविवार, १२ जानेवारी २०२५

ति. अप्पांस,
राजश्रीचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, माझी नोकरी शाबूत आहे. आजकाल पत्र कोण लिहितं, असं आई म्हणेल. तिला म्हणावं, जो माणूस फोन हातात घेत नाही त्याला पत्रच लिहावं लागतं. पोस्टानं मुद्दाम पाठवतेय. सुगतच्या हाती दिलं असतं तर त्यानं फाट्यावरच फोडून वाचलं असतं.

तुमची तब्येत कशी आहे? आईचे गुडघे? तुरीची रास झाली का, की अजून खळ्यावरच आहे? इथं थंडी चांगलीच पडलीय. सकाळी कोळारच्या कंपनीत जाताना मी कानाला मफलर गुंडाळते आणि वर कंपनीचं पिवळं हेल्मेट घालते. आरशात बघवत नाही.

मागच्या महिन्यात सुगतनं गेटावर ठेवलेली पिशवी मिळाली. आपली निळ्या पट्ट्यांची पिशवी बघून लगेच ओळखलं. वॉचमनची पाळी बदलली होती, नव्याला कोण आलं होतं ते ठाऊक नव्हतं. शेंगा मीठ टाकून उकडल्या आणि अख्ख्या दुपारच्या पाळीनं फस्त केल्या. पण इतक्या लांब येऊन सख्ख्या बहिणीला न भेटता जायचं म्हणजे काय? फोनवर त्याला झापायचं राहून गेलं. माझ्या वतीनं तुम्हीच त्याचा कान धरा.

मी कलबुर्गीचा दवाखाना सोडला त्याला धम्मचक्र दिनाला वर्ष झालं. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी फोनवर बोललेला नाहीत. मी आईला म्हणते, अप्पाला दे. मागून तुमचा आवाज येतो, "बरं हाय म्हन तिला," आणि फोन परत आईकडं. मला बढती मिळाली तेव्हाही तेच, "बरं हाय म्हन तिला." आपल्या गावात, कोहिनूरच्या स्टँडावर, लोक तुम्हाला 'सिस्टरचा बाप' म्हणायचे आणि तुम्ही उगीच फेटा सारखा करायचात. आता कुणी तशी हाक मारली तर तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही, असं आई सांगते.

त्या दिवशी अंगणात तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. "कंपनीतनं तुला भाईर काढावं म्हनून मी डाळीच्या मिलीत राबलो, आन तू शिकून सवरून परत कंपनीतच चाललीस व्हय? दवाखाना सोडला की सिस्टर कसली?" त्याचं आज उत्तर देते. तुम्ही मधेच उठून जाऊ शकत नाही, हा पत्राचा मोठा फायदा.

कलबुर्गीच्या आयसीयूत मी कमी पडले म्हणून निघाले नाही. तिथल्या मोठ्या सिस्टर आजही मला परत बोलावतात. पण तिथं माणूस आमच्याकडं यायचा तेव्हा त्याचं जे जायचं ते जाऊन बसलेलं असायचं. शहाबादकडचे फरशीचा दगड घासणारे कामगार यायचे, चार पावलं चालले की धाप लागायची. मी ऑक्सिजन लावायचे, रात्रंदिवस उशाशी बसायचे, जीव तोडून करायचे. आणि मला एकच वाटायचं, धुळीचा साधा मास्क याच्या तोंडाला तरुणपणी कुणी का बांधला नाही? तिथं मी नेहमी उशिरा पोचायचे. इथं मी आधी पोचते. यासाठी मी आले, अप्पा. मला हे काम आवडतं आणि मला ते चांगलं जमतं.

आमची गोळ्यांची कंपनी आहे. गेटाजवळच्या खोलीत माझा दवाखाना. पण मी खोलीत थोडी आणि मशीनींमध्ये जास्त असते. कुणाचं ब्लडप्रेशर वाढलंय, कोण गॉगल न घालता पावडर ओततोय, गाडी चालवणाऱ्याला लांबचं दिसतं की नाही, सगळं मी बघते. कन्नड, दखनी, मराठी, तिन्ही चालतं. औरादकडचा एक जण तेलुगूच बोलतो, आणि मशीन चालू असताना तसंही कुणाचंच काही ऐकू येत नाही. मग मी सगळ्यांना तुमच्या डाळ मिलीतल्या खुणा शिकवल्या. मूठ छातीवर, लागलं का? तळहात आडवा, थांबव. आता अख्खी पाळी तुमच्या, गुंडेरावांच्या, भाषेत बोलते. प्रणेश साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, त्यांनी विचारलं हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात? मी म्हटलं, जेवणाच्या ताटावर.

आणि दवाखाना सोडलेली मी एकटी नाही बरं. माझ्या वर्गातली संपदा घरी बसून एका विमा कंपनीसाठी दवाखान्यांचे कागद तपासते, डॉक्टर लोक तिला फोनवर 'मॅडम, मॅडम' करतात. विभा चिटगुप्प्याला घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं करते आणि त्यांच्या सुनांना ते करायला शिकवते. तिच्या सासऱ्यांचंही तुमच्यासारखंच चाललं होतं, दवाखाना नाही तर नर्स कसली. मग ते घसरून पडले आणि विभानंच त्यांना उभं केलं. आता तेच लोकांना तिचा नंबर देत फिरतात.

आता खरं ते लिहिते. एवढं सगळं लिहून झालं, कारण ते लिहायला हात धजत नव्हता.

दिवाळीनंतर मी सगळ्यांचे कान तपासले. एक पेटीसारखी बंद खोली असते, तिला काचेची खिडकी. माणूस आत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. कॉम्प्रेसरवरचा एक जण आला. त्याला नरसिंग म्हणू, आमच्या कामात खरं नाव बाहेर सांगत नाहीत. त्यानं प्रत्येक वेळी बरोबर बटण दाबलं. इतक्या वर्षांच्या कॉम्प्रेसरनंतर असे कान? मला पटेना. मग लक्षात आलं, गडी काचेतून माझ्या कोपराकडं बघतोय. कोपर हललं की बटण. मी हसले, खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि पुन्हा सुरुवात केली. त्याचा अंगठा हललाच नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, "अक्का, साहेबाला सांगू नका. काढून टाकतेत."

मी सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. पण प्रणेश साहेबांना हेही सांगितलं की याचे कान इथल्या आवाजानं गेलेत, याला शांत जागी काम द्यायचं, घरी पाठवायचं नाही. ते आढेवेढे घ्यायला लागले. मी खुर्चीतून उठलेच नाही. नरसिंग आता पॅकिंगला आहे, आणि कॉम्प्रेसरच्या खोलीत कान झाकल्याशिवाय खुद्द साहेबांनाही मी आत सोडत नाही.

मग त्याची बायको भेटायला आली. हात जोडून म्हणाली, "म्याडम, आमाला वाटायलं ह्यो रुसलाय. हाक मारावं तर बघंना, काय इचारावं तर नुसतं व्हय म्हनायचा. म्या बी बोलायचं सोडून दिलं. कामून रुसलाय, कामून रुसलाय, येवढंच डोस्क्यात."

ती बोलत होती आणि अप्पा, मला समोर तुम्ही दिसलात.

गुंडप्पाच्या हॉटेलात तुम्ही जाणं सोडलंत ते त्यानं मिशा वाढवल्यापासून. आम्ही म्हणायचो, चहा बिघडला असेल. त्याचे ओठ दिसेनासे झाले होते, खरं ना? टीव्हीवरच्या बातम्या तुम्ही आवाज बंद करून वाचता. घरात बसता ते दाराकडं तोंड करून, कोण आलं ते दिसावं म्हणून. आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून आमच्यावर किती ओरडायचात! आणि विहारात दर रविवारी वंदना तुम्ही सांगायचात. लहानपणी मला वाटायचं, त्रिशरण म्हणजे माझ्या अप्पांचा आवाज. ते तुम्ही बंद केलंत, घसा बसलाय म्हणालात. सुगत सांगतो, त्या शेवटच्या रविवारी लोकांची ओळ संपायच्या आत तुम्ही पुढची सुरू केली होती.

नर्स असून मला हे कळलं नाही. कळणार कसं? आपलं घरच खुणांवर चालतं. भाकरी हवी तर बोट गोल, पाणी हवं तर अंगठा. मिलीतून आलेली सवय म्हणून आम्ही लहानपणापासून हातानंच बोलतो. आई तुम्हाला हाक मारत नाही, पदर हलवते. दुसऱ्या कुठल्या घरात बहिरेपण असं लपलं नसतं. आपल्या घरात ते मजेत राहिलं.

तुम्हाला ऐकू कमी येतं, अप्पा. लिहिलं एकदाचं.

माझ्यावर राग असेल तर तो असू द्या, मला तोंडावर सांगा, मी भांडेन. पण ऐकू येत नाही म्हणून तुम्ही फोन परत देत असाल आणि मी इथं वर्षभर त्याला राग समजत बसले असेन, तर ते मला सहन होणार नाही. मला तुमची फार आठवण येते. तुम्ही आईच्या फोनशेजारीच बसलेले असता आणि तरी येते.

बीदरमध्ये कानांची चांगली तपासणी होते, तिथल्या बाईंशी मी बोलून ठेवलंय. आवाजानं गेलेला कान परत येत नाही, खोटं सांगणार नाही. पण यंत्र लावून समोरच्याचं बोलणं पुष्कळ कळतं. सवय व्हायला वेळ लागेल, सुरुवातीला भांडी आपटल्यासारखं वाटेल, तुम्ही यंत्र काढून फेकाल, मी परत लावीन. यंत्र लावलं की म्हातारा दिसेन, असलं काही मनात आणू नका. चष्मा लावलात तेव्हा उलट मास्तर दिसायला लागलात.

शनिवारी, २५ तारखेला या. दुपारी माझी पाळी संपते. कंपनीच्या गेटावर या, तिथून आपण जाऊ. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी तिला अजून काही बोललेले नाही.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी,
राजश्री


कोहिनूर
सोमवार, ता. २० जानेवारी

चि. राजश्रीस, अप्पाचा आशीर्वाद आन जय भीम.

मला तुझ्यावानी शुद्ध लिवता येत न्हाई. बोलतो तसं लिवायलोय, समजून घे.

तुझं पत्र आलं. मी वाचलो, घडी घालून उशाखाली ठिवलो. तुझी माय इचारली, काय लिवलीय? मी म्हनलो, तुरीची रास झाली का इचारायलीय. तिला पटलं न्हाई. मी शेताकडं गेल्यावर ती सुगतकडनं वाचून घेतली. तुझा भाऊ मोठ्यानं वाचतो. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, मला सोडून. आता कोन काय म्हनंल म्हनून भ्यायचं कारनच उरलं न्हाई. बरंच झालं म्हनायचं.

तू लिवलीस ते खरं हाय. मिल सुटली, पन मिलीचा आवाज कानातनं सुटला न्हाई. सारखं शीऽऽ चालूच असतंय. त्याच्या आतनं मानसाचं बोलनं हुडकून काढावं लागतंय. बाया, लेकरं काय बोलायलेत ते तर कायच कळत न्हाई. चार मानसांत बसलो की लोक हासले तवा हासतो. दमून जातो, राजश्री. म्हनून जायाचंच सोडलो. वंदनेचं बी तसंच. लोक कुठवर आलेत ते कळंना झालं, आन धम्माच्या कामात चूक व्हावी हे मला बरं वाटलं न्हाई.

पन तू समजायलीस तसं सगळंच न्हाई. मी रागात बी होतो. पहिले दोन-तीन म्हैने रागानंच फोन घेतलो न्हाई. मग राग सरला, तवर फोनातलं बोलनं कळायचं बंद झालतं. फोनात तोंड दिसत न्हाई ना. तू काय इचारलीस आन मी काय उत्तर दिलो, भलतंच काय झालं तर? पोरगी म्हनंल, बाप बहिरा झाला. म्हनून बरं हाय म्हन तिला, बरं हाय म्हन तिला. तुझी बढती मला मायनं खुनेनं सांगितली. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्लो, तिला इचार.

आता एक मी सांगतो, ते तुला ठावं न्हाई. सुगतचा कान धरू नको. शेंगा त्यानं आनल्या न्हाईत. मी आनलो होतो.

तुला बघावं वाटलं. कुनाला सांगितलो न्हाई, पिशवी भरलो आन बसीत बसलो. गेटावर आलो. वॉचमन काय तरी इचारला. मी म्हनलो, व्हय. त्यानं परत इचारलं. मी म्हनलो, व्हय, व्हय. तो हासला. मागं लोक थांबलेले, एक गाडी थांबलेली. तुझं नाव सांगावं, तर त्यो काय इचारायलाय तेच कळंना. लाज वाटली. पिशवी तिथंच ठिवलो आन बाजूला झालो.

पन लगीच गेलो न्हाई. तारांच्या कुंपनातनं आत बघत उभा राहिलो. तू भाईर आलीस. डोस्क्यावर पिवळी टोपी, पायात गड्याचे बूट. मानसं रांगंत उभी. तू एकाचा कान धरून वर वढलीस. मला वाटलं, मारायलीस का काय. मग बघतो तर तू त्याच्या कानात काय तरी बोंडासारखं घालायलीस. दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. आन शेवटच्याला तू मूठ छातीवर ठिवून इचारलीस, लागलं का? आपली खून. आमच्या मिलीतली खून तू तिथं करायलीस.

माझ्या डोळ्याला पानी आलं. आमच्या मिलीत असं एक मानूस असतं तर माझ्यासंगं राबलेला हावगेप्पा आन मी आज एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलो नसतो. मी तुला कंपनीतनं भाईर काढायला राबलो हे खरं हाय. पन तू आमच्यासाठीच आत गेलीस, हे मला त्या कुंपनापाशी कळलं. तवाच आत येऊन सांगायला पाहिजे होतं. गेटावरच्या त्या मानसाला भ्यालो.

परत येऊन सरळ गुंडप्पाच्या हाटेलात बसलो. म्हनलो, मिशा असू दे तुझ्या, माझं ऐक, आन तुझं सगळं सांगितलो. तो काय म्हनला ते कळलं न्हाई, पन चहाचे पैशे घेतला न्हाई.

शनवारी येतो. हावगेप्पाला बी आनतो, त्याचं माझ्यापरीस वाईट हाय. त्याला वाटतंय दुनियाच हळू बोलायलीय. आधी त्याला बघा म्हनावं बाईला. त्याच्याशी कन्नडातच बोला म्हनावं, न्हाईतर त्यो उठून जाईल. यंत्र लावतो. भांडी आपटू दे, तुझी माय आपटती तेवढी कुनी आपटत न्हाई. आन विहारात मी परत उभा राहीन का, येवढं बाईला नीट इचारून ठिव.

तू गेटावर थांबायची गरज न्हाई, काम सोडून येऊ नको. वॉचमन काय इचारंल ते मला या वेळी बी कळनार न्हाई. पन त्यो काय बी इचारू दे, कुठनं आलास, कुनाकडं आलास, आत काय काम हाय, मी आता भीत न्हाई. सगळ्याला मी एकच उत्तर देनार हाय. खाली सही करतो तेच.

सिस्टरचा बाप,
गुंडेराव